राजा गेल्यावर: क्रुसेडर किंग्ज शिकू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

वरूड, शेंदूरजना घाट, मोर्शी या पट्ट्यात संत्र्याचे बोलणे निघाले की ते भावावरून, पाण्यावरून, अंबिया आणि मृग बहारावरून फिरत फिरत वाटणीवर येतेच. विहीर कोणाच्या हिश्श्यात, धुरा कुठून जातो, बगीचा थोरल्याकडे गेला तर धाकट्याला कोरडवाहू किती द्यायचे, बहिणींनी हक्कसोड केली की नाही. बाप हयात असताना एकाच विहिरीवर उभा असलेला बगीचा तो गेल्यावर तीन तुकड्यांत पडतो आणि पाणी तिघांपैकी एकालाच पुरते. हे ज्याने आपल्या घरात किंवा शेजारी पाहिले आहे, त्याला क्रुसेडर किंग्ज या संगणकावरच्या खेळाचे मर्म सांगायला फार वेळ लागत नाही. तिथे शेताच्या जागी राज्य आहे. बाकी सगळे तेच.

खेळ स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा आहे. पहिली आवृत्ती 2004 मध्ये आली, दुसरी 2012 च्या फेब्रुवारीत आणि तिसरी 1 सप्टेंबर 2020 रोजी. दुसऱ्या आवृत्तीच्या नकाशावर आधी भारत नव्हता. 2014 मध्ये ‘राजाज ऑफ इंडिया’ हा विस्तार निघाला तेव्हा आपण त्या नकाशावर आलो. तिसऱ्या आवृत्तीत भारत पहिल्या दिवसापासून आहे, दख्खन आहे, विदर्भही आहे. ही पुस्तिका तिसऱ्या आवृत्तीपुरती आहे. डाव इसवी सन 867 किंवा 1066 पासून मांडता येतो. 2024 च्या ‘रोड्स टू पॉवर’ या विस्ताराबरोबर 1178 ही तिसरी सुरुवात मिळाली. शेवट 1453 ला. म्हणजे मान्यखेटच्या गादीवर राष्ट्रकूट अमोघवर्ष असताना खेळ सुरू करता येतो आणि बहमनी सुलतानांच्या अमलापर्यंत नेता येतो. वऱ्हाडातल्या मुलाला शाळेत एका धड्यात उरकलेला हा सहाशे वर्षांचा काळ इथे महिन्या-महिन्याने जगायला मिळतो.

खेळाची भाषा इंग्रजी आणि तीही जड. नवखा माणूस पहिल्या तासात शे-दीडशे चिन्हे, सूचना आणि आकडे बघतो आणि बंद करून टाकतो. वऱ्हाडात हुशार पोरांची कमी नाही. पण ज्या खेळात वाचायला एवढे लागते, तो खेळ आपल्या भाषेत कोणी समजावून सांगितला नाही तर तो इंग्रजी शाळेतल्या मुलांपुरताच राहतो. हे मला मान्य नाही आणि ही पुस्तिका त्यासाठीच आहे.

पहिली गोष्ट अशी की या खेळात तुम्ही देश चालवत नाही. तुम्ही एक माणूस असता. त्याचे वय असते, स्वभाव असतो, बायको, मुले, सावत्र भाऊ, रुसलेले सरदार असतात. तो म्हातारा होतो, आजारी पडतो, शिकारीत किंवा लढाईत मरतो, कधी विष पाजून मारला जातो. तो मेला की तुम्ही त्याचा वारस होता आणि खेळ तसाच पुढे चालतो. जिंकण्याची अट अशी काही नाही. अमुक प्रदेश घेतला, तमुक शत्रू संपवला, म्हणून पडद्यावर विजयाची पाटी येत नाही. तुमच्या घराण्याचे नाव चालवणारा कोणी उरला नाही, तेव्हाच खरा पराभव. म्हणून नवखा खेळाडू पहिल्या दिवशी तलवारीकडे बघतो आणि जाणता खेळाडू पाळण्याकडे.

पहिला राजा बहुधा बरा चालतो. दहा-वीस वर्षांत तीन-चार परगणे मिळतात, तिजोरी भरते, आत्मविश्वास येतो. मग एके दिवशी राजा मरतो आणि खेळाडू थक्क होऊन बघतो की राज्याचे तीन तुकडे झाले, धाकटे दोघे स्वतंत्र झाले आणि त्यातला एक थोरल्यावर चाल करून येतो आहे. खेळात कसला बिघाड झाला, असे वाटून तो जुना जतन केलेला डाव उघडतो. बिघाड नसतो. त्या काळातल्या बहुतेक राज्यांना सुरुवातीला जो वारसानियम लागू असतो, तो तसाच आहे. खेळ त्याला कॉन्फेडरेट पार्टिशन म्हणतो. थोरल्याला मुख्य पद आणि राजधानी मिळते, बाकीची जमीन भावांत वाटली जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बापाच्या हयातीत जे बरोबरीचे पद निर्माण करता आले असते पण केले नव्हते, ते त्याच्या मरणानंतर आपोआप निर्माण होऊन धाकट्याच्या हाती जाते.

इतिहासात असे घडत होते का, असा प्रश्न नव्या पोरांना पडतो. दूर जायला नको. 1066 ला खेळ सुरू केलात तर कल्याणीच्या चालुक्यांच्या गादीवर पहिला सोमेश्वर आहे. असाध्य दुखण्याला कंटाळून त्याने 1068 मध्ये तुंगभद्रेत जलसमाधी घेतली. गादी त्याचा थोरला मुलगा, दुसरा सोमेश्वर, याला मिळाली, पण धाकटा विक्रमादित्य त्याच्याहून कर्तबगार होता आणि त्याला ते ठाऊक होते. 1076 मध्ये त्याने भावाला पदच्युत केले आणि पुढे पन्नास वर्षे राज्य केले. याच विक्रमादित्याच्या दरबारात विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली, जिच्या आधाराने आपल्याकडे शतकानुशतके हिंदू कुटुंबांच्या वाटण्या झाल्या. भावाची गादी घेणाऱ्या राजाच्या आश्रयाने वाटणीचे शास्त्र रचले गेले, हा योग मला फार विलक्षण वाटतो आणि या खेळाच्या अभ्यासकाने तो लक्षात ठेवावा.

दोनशे वर्षांनी देवगिरीत यापेक्षा भयंकर झाले. यादव कृष्णाच्या मागून त्याचा मुलगा रामचंद्र लहान असल्याने भाऊ महादेव गादीवर आला. इथवर ठीक होते. महादेव गेल्यावर गादी पुतण्याकडे परत जायला हवी होती; ती महादेवाचा मुलगा आमण याच्याकडे गेली. 1271 च्या सुमारास रामचंद्राने ती हिसकावली. महानुभाव परंपरेत सांगतात की तो नाटकमंडळीच्या वेषात माणसे घेऊन किल्ल्यात शिरला, दरबारात खेळ सुरू असताना त्याच्या माणसांनी पहारेकऱ्यांना धरले. आमणाचे डोळे काढले गेले. चुलत्याने पुतण्याची गादी ‘सांभाळायला’ घेतली की ती परत मिळवताना काय होते, हे या खेळातले कोणतेही प्रकरण इतके स्पष्ट सांगत नाही. खेळात तुम्ही लहान वारस मागे ठेवून मेलात तर तुमच्या वारसाचा चुलता कोण, त्याच्या बाजूला किती सरदार, हे पाहायची सवय आधीपासून लावून घ्या.

मग उपाय काय? सविस्तर दुसऱ्या प्रकरणात आहे. इथे गाभा सांगतो. तुमच्याकडे दोन-तीन सरदारक्या असतील आणि त्यांच्या वरचे राजपद निर्माण करण्याइतकी जमीन आणि सोने जमले असेल, तर थांबू नका, राजपद घ्या. थोरला राजा झाला की धाकटे भाऊ त्याचे मांडलिक होऊन राज्यातच राहतात, शत्रू होऊन बाहेर पडत नाहीत. एकदा राजपद हाती आल्यावर मात्र दुसरे राजपद तयार होईल इतका मुलूख दुसऱ्या देशात घेताना दहादा विचार करा, कारण तेच धाकट्याच्या वाट्याला जाईल. धाकट्यांना जिवंतपणीच जिंकलेल्या सरहद्दीवरची जमीन द्या. ती त्यांच्या हिश्श्यात धरली जाते आणि राजधानीभोवतीचे परगणे थोरल्यासाठी शाबूत राहतात. पुढे ज्ञान वाढत गेले की वारसानियम बदलता येतात, आणि शेवटी सगळे एकाच वारसाला देण्याची सोय येते. पण त्याला पिढ्या लागतात. तोवर हिशेब हातानेच करायचा आहे.

राजा बदलला की सरदारांची निष्ठाही गळते. बापाने तीस वर्षांत मिळवलेला विश्वास मुलाला वारशात मिळत नाही. लग्नांतून झालेल्या कित्येक मैत्र्याही त्या दिवशी तुटतात. म्हणून म्हाताऱ्या राजाने तिजोरी रिकामी करून नवे युद्ध छेडू नये. नव्या राजाला भाडोत्री सैन्य आणता यावे, नाराज सरदारांना देणग्या देता याव्यात, एवढे सोने मागे असावे.

लग्नाचे प्रकरण मी मुद्दाम सगळ्यात लांब ठेवले आहे. या खेळात लग्न म्हणजे तह. मुलीचे लग्न कोणत्या घरात केले, यावर पुढच्या पंधरा वर्षांत तुमच्या मदतीला कोण येणार हे ठरते. इथे दख्खनच्या सुलतानांची हकीकत उपयोगी पडते, जरी ती खेळाच्या 1453 च्या मर्यादेपलीकडची असली तरी. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि सोलापूरचा किल्ला तिच्यासोबत हुंड्यात गेला. अलीची बहीण निजामशहाच्या मुलाला आली. ज्या सोलापूरसाठी दोन घराणी वर्षानुवर्षे लढत होती ते लग्नाने सुटले आणि 1565 ला तालिकोटच्या रणात दोघे एका बाजूला उभे राहिले. वऱ्हाडची इमादशाही त्या लढाईत नव्हती. निजामशहाशी तिचे बिनसलेले होते. दख्खनमधली सगळ्यात मोठी जुळवाजुळव आपल्याला वगळून झाली, आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आत एलिचपूरचे राज्य नकाशावरून गेले.

इमादशाहीबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण वऱ्हाडात ती विसरली गेली आहे आणि या खेळाच्या खेळाडूला तिच्याइतका चांगला पाठ मिळणार नाही. फतहुल्ला इमादुल्मुल्क हा विजयनगरच्या मुलखातून लहानपणी धरून आणलेला हिंदू मुलगा. वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढला, मुसलमान झाला, स्वतः सुभेदार झाला आणि 1490 मध्ये स्वतंत्र. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा त्याच्या कारभारातला; गाविलगडची डागडुजी त्याने केली. गुलाम म्हणून आलेला मुलगा राजघराण्याचा मूळपुरुष होतो, ही गोष्ट एखाद्या खेळात घडली असती तर अतिशयोक्ती वाटली असती.

पुढे काय झाले ते बघा. त्याचा मुलगा अलाउद्दीन याच्याकडे पाथरी होती. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण, म्हणून बुऱ्हाण निजामशहाने ती मागितली, बदल्यात दुसरा परगणा द्यायची तयारीही दाखवली. अलाउद्दीनने नकार दिला. 1518 मध्ये पाथरी गेली. या खेळात युद्ध असेच सुरू होते: मनात आले म्हणून शेजाऱ्यावर चाल करता येत नाही, दावा लागतो. वडिलोपार्जित दावा, लग्नातून आलेला दावा किंवा राजपुरोहिताला बसवून तयार करून घेतलेला कागदी दावा. शेजाऱ्याकडे तुमच्या जमिनीवर कोणता दावा आहे, हे पाहायला नवखे खेळाडू विसरतात. पाथरीवर निजामशहाचा जीव का आहे, हे अलाउद्दीनला ठाऊक होते. मदतीला कोण येईल याची तजवीज मात्र उशिरा झाली. त्याने शेवटी गुजरातच्या बहादुरशहाला बोलावले. तो आला, दौलताबादेपर्यंत आला, आणि खुतबा स्वतःच्या नावाने वाचायला लावून गेला. आपल्यापेक्षा फार बलाढ्य मित्राला आपल्या युद्धात ओढणे काय असते, ते खेळातही पहिल्या दहा डावांत कधीतरी अनुभवाला येतेच.

शेवटची पिढी बुऱ्हाण इमादशहाची. 1562 मध्ये तो गादीवर आला तेव्हा लहान होता. कारभारी तुफालखानाने सत्ता हातात घेतली आणि त्याला नरनाळ्यावर कोंडले. मुर्तजा निजामशहाने ‘खऱ्या राजाला सोडवायचे’ हे निमित्त पुढे करून स्वारी केली, 1574 मध्ये नरनाळा घेतला आणि राजा, कारभारी दोघांनाही कैदेत टाकले. तिथेच ते संपले. अज्ञान राजा, बळावलेला कारभारी आणि शेजाऱ्याच्या हातात आयते निमित्त. ज्यांना हा खेळ खेळायचा आहे त्यांनी शाळेची सहल नरनाळ्याला जाईल तेव्हा हे आठवावे.

लढाईबद्दल थोडक्यात. दावा असला तरी आधी शत्रूचे मित्र मोजा. नकाशावर तो एकटा दिसतो, त्याच्या सासऱ्याचे सैन्य दिसत नाही. गोळा केलेली शेतकरी फौज संख्येने मोठी असते, लढाई मात्र प्रशिक्षित तुकड्या जिंकतात. पहिले सोने त्यांच्यावर घाला. भारतात हत्तींच्या तुकड्या मिळतात, त्या महाग पडतात पण उभ्या राहतात. नदी ओलांडून हल्ला करू नका. आणि सगळे सैन्य एका सरहद्दीवर पाठवून राजधानी उघडी ठेवू नका. 1296 ला अलाउद्दीन खिलजी एलिचपुरावरून देवगिरीला आला तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होते. किल्ल्यात धान्य म्हणून भरलेल्या गोण्यांत मीठ निघाले, असे तवारिखांत आहे. बापाने तह केल्यावर परतलेल्या मुलाने पुन्हा लढाई दिली आणि अटी अधिक कठोर झाल्या. त्यात एलिचपूरचा वार्षिक वसूल खिलजीला लिहून दिला गेला. म्हणजे देवगिरीच्या गाफीलपणाचा भुर्दंड वऱ्हाडच्या रयतेने भरला.

राजाचा स्वभाव हा या खेळाचा सगळ्यात सुंदर भाग आहे. मुत्सद्देगिरी, युद्ध, कारभार, कारस्थान आणि विद्या अशा पाच अंगांनी माणूस मोजला जातो, पण खरी मजा गुण-अवगुणांत आहे. दयाळू राजाकडून कैद्याचा शिरच्छेद करवून घेतलात तर त्याच्या मनावरचा ताण वाढतो. तो वाढत गेला की राजा दारूला लागतो, खंगतो, वेळेआधी मरतो. खेळ तुम्हाला अडवत नाही, पण स्वभावाविरुद्ध वागण्याची किंमत घेतो. पुष्कळ मार्गदर्शक सांगतात की फायद्याचा पर्याय निवडा. माझे सांगणे असे की पहिल्या डावात तरी त्या माणसाला शोभेल तोच पर्याय निवडा. मुलांना सहाव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत शिक्षण मिळते, गुरू तुम्ही नेमता. तो नेमताना त्याचे कौशल्य बघा तसा त्याचा स्वभावही बघा, मूल त्याचे वळण उचलते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. हा खेळ जग सिंहासनावरून बघतो. त्यात कुणबी, तेली, कुंभार हे आकडे आहेत: इतका वसूल, इतके सैनिक. देवगिरीत रामचंद्र राज्य करत होता त्याच काळात, वरूडहून जवळच्या रिद्धपुरात म्हाइंभट ‘लीळाचरित्र’ लिहीत होता. गुजरातच्या प्रधानाच्या घरात वाढलेला, परंपरेने सांगितलेल्या गोष्टीप्रमाणे सगळे सोडून निघालेला चक्रधर, त्याच्याभोवती जमलेल्या बाया-माणसांची बोलणी, त्यांचे खाणे, रुसणे, वाटचाल, हे सारे मराठी गद्यात तिथे उतरले. त्याच रिद्धपुरात आज मराठी भाषा विद्यापीठ आहे. खेळात वारस घर सोडून गेला तर ते नुकसान मोजले जाते; त्या शतकातले वऱ्हाडाचे सगळ्यात टिकाऊ काम घर सोडलेल्या माणसाभोवती झाले. म्हणून खेळाबरोबर वाचनही ठेवा. खेळ राज्यकर्त्यांची गणिते शिकवतो, काळ शिकवत नाही.

आता सुरुवात कुठून. मराठी मुलगा साहजिकच दख्खनचा सम्राट निवडतो. ते करू नका. मोठ्या राज्यात पहिल्याच दिवशी वीस मांडलिक, चार कट आणि तीन वारस असतात. काय कशामुळे झाले ते कळत नाही. खेळाने शिकवणीसाठी 1066 चे आयर्लंड दिले आहे, मन्स्टरचा एक लहान राजा. शेजारी दुबळे, समुद्र चारी बाजूंनी, मोठा शत्रू दूर. तिथे दोन राजे मरेपर्यंत खेळा, म्हणजे दोन वारसाहक्क पाहून होतात. मग दख्खनला या आणि चालुक्यांचा एखादा लहान मांडलिक निवडा. यादव स्वतः त्या काळी चालुक्यांचे मांडलिकच होते आणि भिल्लमाने स्वतंत्र सत्ता घोषित करायला बारावे शतक संपत आले. मांडलिकाला वरून संरक्षण असते, सम्राटाचे भाऊ भांडत असताना बाजू निवडायची संधी असते, आणि चुकले तरी डाव आटोपत नाही.

डाव उघडतो तेव्हा काळ थांबलेलाच असतो; तो लगेच चालू करू नका. पुढे केव्हाही स्पेस बार दाबून तो थांबवता येतो. पहिल्या थांब्यात पाच गोष्टी बघायच्या: राजाला बायको आहे का, वारस कोण आणि किती, मंत्रिमंडळातल्या पाच जागांवर योग्य माणसे आहेत का, स्वतःच्या ताब्यातले परगणे मर्यादेपेक्षा जास्त तर नाहीत, आणि शेजाऱ्यांपैकी कोणाची मुलगी लग्नाची आहे. एवढे झाले की राजपुरोहिताला शेजारच्या परगण्यावर दावा शोधायला पाठवा, सेनापतीला फौज तयार करायला लावा आणि वेग सर्वांत हळू ठेवून काळ सोडा. पहिले प्रकरण त्या पहिल्या वर्षाचे आहे, महिन्या-महिन्याने, चित्रांसह. ते वाचताना डाव समोर उघडा असू द्या.